गिलाव्यात राखलेली हवा

भिंतीच्या आतल्या बाजूने माती, चुना आणि गवताचे काड यांचा जाड थर देऊन खोलीत येणारी उष्णता अडवणाऱ्या गिलाव्याला उष्णतारोधक नैसर्गिक गिलावा म्हणता येईल. या कामाविषयी आज जे कुतूहल दिसते, त्याचा सारा भर माती आणि काड या दोन पदार्थांवर असतो. परंतु काम स्वतःच्या हातांनी पार पाडल्यावर ध्यानात येते की उष्णता अडवण्यात मातीचा वाटा अगदी थोडा असून, ते काम काडाच्या पोकळ नळ्यांत आणि काडाकाडांमधल्या फटींत अडकून पडलेली हवा करते, आणि माती केवळ त्या काडांना एकमेकांशी व भिंतीशी धरून ठेवते. म्हणूनच माती निवडण्यापासून शेवटचा हात फिरवण्यापर्यंतची प्रत्येक कृती ही हवा राखली जाते की नाही, या एकाच कसोटीवर तपासावी लागते; आणि दाबून भरणे, घोटून घट्ट करणे हे सिमेंटच्या कामात गुण मानले गेलेले संस्कार येथे नुकसान करतात. पुढील विवेचनाला आधार आहे तो मराठवाड्यातील एका विटांच्या घरात, पश्चिमेकडच्या खोलीला घरच्या माणसांनी गावातील जाणत्यांच्या मदतीने दिलेल्या अशा गिलाव्याचा.

या घराची बाहेरची भिंत नऊ इंची, म्हणजे सुमारे २३० मिलिमीटर जाडीची, भाजक्या विटांची आणि दोन्ही अंगांनी सिमेंटचा गिलावा केलेली, अशी मराठवाड्यातील कोणत्याही गावात आढळणारी आहे. अशा भिंतीला उष्णता एका अंगाकडून दुसऱ्या अंगाला पोचायला सहा-सात तास लागतात. त्यामुळे वैशाखात दुपारी तीन-चारच्या उन्हाने तापलेली पश्चिमेची भिंत आतून सर्वाधिक गरम होते ती रात्री दहाच्या सुमारास, म्हणजे नेमकी झोपेच्या वेळी, आणि बाहेर अंगणात वारा गार झालेला असतानाही खोलीत अंथरुणाला पाठ टेकवत नाही. पंखा अशा वेळी भिंतीने तापवलेली हवाच फिरवत राहतो.

पदार्थातून उष्णता किती सहज वाहते, याचे माप म्हणजे उष्णतावाहकता. एक मीटर जाडीच्या थराच्या दोन बाजूंच्या तापमानात एक अंशाचा फरक असताना एका चौरस मीटरमधून दर सेकंदाला जितकी उष्णता पार होते, तो हा आकडा. भाजक्या विटांच्या बांधकामासाठी तो सुमारे ०.८, सिमेंटच्या गिलाव्यासाठी ०.७ च्या आसपास, तर स्थिर हवेसाठी केवळ ०.०२६ इतका आहे. मातीच्या बाबतीत एकच एक आकडा सांगता येत नाही, कारण तो घनतेवर अवलंबून असतो. जर्मनीत मातीच्या बांधकामासाठी जी प्रमाण मूल्ये वापरली जातात, त्यांनुसार घनमीटरला १६०० किलो भरणाऱ्या मातीची वाहकता ०.७३, १२०० किलो भरणाऱ्या काडमिश्रित मातीची ०.४७, ८०० किलोची ०.२५ आणि ६०० किलोची ०.१७ अशी उतरत जाते. याचा अर्थ असा की काड न घातलेली नुसती माती उष्णता अडवण्याच्या बाबतीत सिमेंटच्या गिलाव्यापेक्षा काही विशेष सरस नाही, आणि ‘मातीचे घर थंड’ ही सर्वमान्य समजूत प्रामुख्याने जुन्या भिंतींच्या दोन-अडीच हात जाडीवर उभी आहे. पातळ भिंतीला मातीचा नुसता हात देऊन त्या घराचा गारवा मिळेल, अशी अपेक्षा धरणाऱ्याच्या पदरी निराशाच येते.

घनमीटरला ८०० किलो भरणारा ४० मिलिमीटरचा थर आतून दिला, तर वर वर्णन केलेल्या भिंतीतून येणारा उष्णतेचा ओघ गणिताने सुमारे एक पंचमांशाने कमी होतो. थर दुप्पट केला तर एक तृतीयांशाहून काहीसा अधिक. हा लाभ मोठा नाही, आणि तो मोठा असल्याचे भासवणे या पद्धतीवर अन्याय करण्यासारखे आहे. शास्त्राच्या दृष्टीने उष्ण प्रदेशात रोधक थर भिंतीच्या बाहेरून देणे अधिक योग्य, कारण मग विटांचे वस्तुमान उन्हापासून सावलीत राहते. परंतु बाहेरची बाजू पावसाच्या माऱ्याला उघडी असते, शेजाऱ्याच्या हद्दीला भिडलेली असते किंवा सामाईक मालकीची असते, आणि अशा वेळी आतली बाजूच तेवढी घरच्या माणसाच्या हातात उरते. रात्री झोपण्यासाठी वापरल्या जाणाऱ्या खोलीत आतल्या थराचा एक वेगळा उपयोग दिसतो: दिवसभर विटांनी साठवलेली उष्णता रात्री खोलीकडे न वळता बरीचशी बाहेरच्या गार हवेकडे जाते.

मराठवाड्यात घराच्या आत माती आणण्याचा विषय काढला की ऐकणाऱ्याच्या मनात प्रथम येतो तो ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटेचा किल्लारीचा भूकंप, आणि या भीतीला जुनाट समजूत म्हणून बाजूला सारणे हा उद्धटपणा ठरेल. लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यांत हजारो माणसे दगावली ती प्रामुख्याने मातीच्या गाऱ्यात रचलेल्या जाड दगडी भिंती आणि त्यांवरच्या माळवदांचा, म्हणजे लाकडी तुळयांवर मातीचा जाड थर पसरलेल्या सपाट छपरांचा, भार अंगावर कोसळल्याने. त्यानंतर माती हा शब्द घराच्या संदर्भात उच्चारणेही अनेक कुटुंबांना नकोसे झाले. गिलाव्याची माती मात्र कोणताही भार पेलत नाही. वर सांगितलेल्या ४० मिलिमीटर थराचे वजन चौरस मीटरला सुमारे ३२ किलो, वरच्या बारीक थरासह चाळिसाच्या आत भरते, तर १५ मिलिमीटर सिमेंटचा गिलावाही तीस किलोच्या जवळपास जातो. या घरातल्या वडीलधाऱ्यांची संमती मिळाली ती हा हिशोब कागदावर मांडून दाखवल्यानंतर, आणि तशी ती मागणे योग्यच होते.

शेतातली काळी माती या कामाला निरुपयोगी आहे. तिच्यातील चिकण कण पाणी पिऊन फुगतात आणि वाळताना इतके आकसतात की उन्हाळ्यात शेताला पडतात तशाच भेगा भिंतीवरही पडतात. गावठाणातली पांढरी माती, जिने मराठवाड्यातल्या गढ्या आणि जुने वाडे उभे राहिले, ती या कामाला उत्तम. मात्र पिढ्यान्‌पिढ्या गुरे बांधलेल्या जागेतल्या मातीत क्षार मुरलेले असतात आणि ते पुढे भिंतीवर पांढऱ्या पापुद्र्याने फुटतात, हे लक्षात ठेवून जागा निवडावी लागते. मातीची परीक्षा करंगळीएवढ्या वळीने होते. ओल्या मातीची वळी करून ती तळहाताच्या कडेवरून हळूहळू पुढे सरकवली असता दोन बोटे बाहेर येताच तुटली, तर माती रेताड. वीतभर लोंबूनही तुटली नाही, तर चिकण जास्त आणि वाळू मिसळणे भाग.

काडासाठी या भागात सर्वांत सोयीचा पदार्थ म्हणजे गव्हांडा, अर्थात मळणीनंतर उरलेले गव्हाचे काड. तो दोन-तीन बोटे लांबीचा तोडून घ्यावा लागतो, आणि मळणीयंत्रातून अगदी भुगा होऊन आलेला भुसा मुख्य थराला चालत नाही, कारण त्यातल्या नळ्या फुटलेल्या असतात आणि नळीबरोबर तिच्यातली हवाही गेलेली असते. कोकणात अथवा मावळात याच कामाला भाताचे तूस वापरता येते. थराला ताण सोसण्याची ताकद यावी म्हणून अंबाडीचा वाख, म्हणजे अंबाडीच्या सालीचे सोललेले तंतू, थोड्या प्रमाणात मिसळले. वनस्पतींचे तंतू घालून गिलावा करण्याची या भूमीतील परंपरा किती जुनी आहे, याचा पुरावा जवळच आहे. अजिंठ्याच्या चित्रांखालचा गिलावा माती आणि वनस्पतिजन्य तंतूंचा असून वेरूळच्या गिलाव्यात भांगेच्या झाडाचे अवशेष असल्याचे भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाचे रसायनतज्ज्ञ राजदेव सिंह आणि वनस्पतिशास्त्रज्ञ सरदेसाई यांनी २०१६ साली ‘करंट सायन्स’ या नियतकालिकात दाखवून दिले. तेथील कारागिरांपुढे उष्णतेचा प्रश्न नव्हता, कारण डोंगराच्या पोटात तो उद्भवतच नाही. त्यांना हवा होता तो कातळाला शतकानुशतके चिकटून राहणारा आणि किडीला दाद न देणारा थर. परंतु तंतूंवर त्यांनी टाकलेला विश्वास आजच्या काम करणाऱ्याला धीर देतो, हे मान्य केले पाहिजे. फ्रान्समध्ये १९८० च्या दशकापासून याच वनस्पतीच्या खोडाचे तुकडे चुन्यात मिसळून उष्णतारोधक भिंती आणि गिलावे केले जात आहेत.

मिश्रण करण्याच्या रीतीतच या कामाचे मर्म आहे. नेहमीच्या गाऱ्यात माती, पाणी आणि भुसा एकत्र तुडवून कित्येक दिवस कुजवतात. काड कुजले की त्यातून चिकट द्रव सुटतो आणि गारा लवचीक होतो. सारवणाला किंवा वरच्या बारीक हाताला हे उत्तम असले, तरी मुख्य थरासाठी कुजलेले काड कुचकामी, कारण ते मऊ पडून चपटे होते. म्हणून येथे फक्त माती भिजत घालायची, तीन-चार दिवसांनी ती ढवळून चाळायची आणि दाट राबडी करायची. राबडीत बोट बुडवून बाहेर काढल्यावर कातडीवरच्या रेषा दिसेनाशा झाल्या म्हणजे ती योग्य दाटीची समजावी. मग कोरडे काड जमिनीवर पसरून त्यावर ती थोडी थोडी शिंपडत हाताने खालवर करायचे, ते पोह्यांना फोडणी लागावी इतपतच. प्रत्येक काडी माखली पाहिजे, पण काडीकाडीतली जागा मातीने भरून जाता कामा नये. एक रात्र झाकून ठेवल्यावर हे मिश्रण मुठीत धरले असता गोळा होतो आणि मूठ उघडल्यावर किंचित फुगतो. तो फुगणे ही शुभ खूण आहे.

अंदाजावर न विसंबता घनता मोजण्याचा एक सोपा मार्ग विटेच्या साच्यातून मिळाला. २३० बाय ११० बाय ७५ मिलिमीटरच्या साच्यात सुमारे एक लिटर नऊशे मिलिलिटर जागा असते. त्यात मिश्रण हलक्या हाताने भरून काढलेली वीट पूर्ण वाळल्यावर दीड किलो भरली, तर घनता ८०० च्या घरात आहे, तीन किलोच्या पुढे गेली तर ती नुसती माती आहे. दीड किलोपेक्षा फार हलकी वीट हातात घेतल्यावर कडा झडतात आणि बोटाने काड उपसून निघते, म्हणजे तो थर भिंतीवर टिकणार नाही. हलकेपणा आणि मजबुती यांच्यातला हा तोल पुस्तकातल्या प्रमाणावरून साधत नाही, कारण प्रत्येक गावची माती आणि प्रत्येक मळणीचे काड वेगळे असते. निरनिराळ्या प्रमाणांच्या विटा सावलीत ओळीने वाळत ठेवून तराजूवर तोलणे, हाच या घरात निर्णयाचा आधार ठरला.

भिंतीची पूर्वतयारी कंटाळवाणी असली तरी तिला पर्याय नाही. आतला सिमेंटचा गिलावा छिन्नीने काढणे, विटांचे सांधे अर्ध्या इंचापर्यंत कोरणे, धूळ झाडून भिंत धुणे आणि स्विचबोर्डाच्या पेट्या नव्या जाडीइतक्या पुढे घेणे ही कामे आधी उरकावी लागतात. ज्या भिंतीत जमिनीतून ओल चढते किंवा मागे न्हाणीघर आहे, तिला हा गिलावा देऊ नये. ओल्या काडाला बुरशी लागते आणि वाळवीला निमंत्रण मिळते. वाळवीच्याच भीतीने जमिनीलगतचा वीतभर पट्टा चुना आणि वाळूचा केला आणि त्याला शहाबादी फरशीची पट्टी लावली. वस्तू टांगण्यासाठी लाकडी खुंट्या थेट विटांच्या सांध्यांत आधीच ठोकून घेतल्या, कारण काडाच्या थरात खिळा धरत नाही.

भिंत ओली करून तिच्यावर पातळ राबडीचा हात फिरवल्यावर, तो सुकण्याआधीच मुख्य थर चढवतात. सिमेंटच्या कामात तरबेज असलेल्या गवंड्याचा हात येथे आपोआप थापीकडे जातो, तो माल जोराने मारतो, पट्टीने ओढतो आणि रंध्याने घोटतो. त्याने घोटलेल्या जागी थर वाळल्यावर बोटाने टकटक केली की भरीव आवाज येतो, म्हणजे तेथली हवा निघून गेलेली असते. लिंपणाचे काम आयुष्यभर केलेल्या गावातल्या एका आजींनी थापी हातातच घेतली नाही. मिश्रणाचा गोळा भिंतीला लावून त्यांनी तळहाताच्या टाचेने तो वरच्या दिशेने एकदाच सरकवला, कडा आधीच्या गोळ्यात बोटांनी गुंफली आणि हात काढून घेतला. पुन्हा त्या जागी हात नेला नाही. त्यांच्या हाताखालचा थर दिसायला ओबडधोबड होता, परंतु तो भिंतीला धरून होता आणि हलका होता. असे दोन थर, प्रत्येकी दोन सेंटिमीटरचे, मध्ये पूर्ण वाळवून दिले.

ज्या कौशल्यावर हे सारे अवलंबून आहे, ते बांधकामाच्या हिशोबात कधीच धरले गेलेले नाही, हे येथे नोंदवणे आवश्यक वाटते. लिंपण आणि सारवण ही बायकांची घरची कामे मानली गेली. त्यांना मजुरी नव्हती, दरपत्रकात जागा नव्हती, आणि सिमेंट आल्यावर गवंडीकाम पुरुषांच्या हाती एकवटले तेव्हा हे ज्ञान कोणी शिकून घेतले नाही. आज नैसर्गिक बांधकामाची भाषा करणारे स्थापत्यतज्ज्ञ मातीची प्रयोगशाळेत तपासणी करून घेतात, ते चांगलेच आहे. पण ज्या हातांना थराची ओल आणि दाब स्पर्शाने कळतो, त्या हातांना गवंड्याच्या बरोबरीने रोज मिळाला पाहिजे. या घरात तो तसा दिला गेला, आणि गावात त्यावर चर्चाही झाली.

वाळण्याचा काळ हाच या कामाचा सर्वांत नाजूक भाग. पावसाळ्यात थर आठवडेच्या आठवडे ओला राहून काळवंडतो, तर चैत्रानंतरच्या झळांनी वरचा पापुद्रा आधी वाळून तडकतो. म्हणून दिवाळीनंतर काम सुरू करून माघापर्यंत संपवणे श्रेयस्कर. खिडक्या दिवसभर उघड्या ठेवून वारा खेळता ठेवावा लागतो. पहिला थर दिल्यानंतर आठवडाभरात भिंतीतून जागोजागी हिरवे कोंब बाहेर आले, कारण गव्हांड्यात राहून गेलेले गव्हाचे दाणे ओलीने रुजले होते. घरातल्या मुलांना याचे मोठे अप्रूप वाटले; मोठ्यांना काळजी वाटली, परंतु थर वाळत गेला तसे ते कोंब आपोआप सुकले आणि त्यांच्या मुळांनी काही बिघडले नाही. काळपट ठिपके मात्र दुर्लक्षू नयेत. ते दिसताच वारा वाढवणे आणि त्या जागी चुन्याची निवळी मारणे, हा उपाय लागू पडतो. वरून कोरडा दिसणारा थर आतून वाळला आहे की नाही, हे ओळखण्यासाठी आजींनी पालथा हात भिंतीला लावून पाहायला शिकवले: “गार लागतंय तवर वरचा हात देऊ नको, बाबा.” ओल्या जागेतून पाणी उडून जाताना भिंत थंड पडते, हे त्यामागचे शास्त्र.

वरचा हात चार मिलिमीटरचा. त्यात चाळलेली माती, बारीक वाळू, ताजे शेण आणि कुजवलेला भुसा. घोटण्याला येथे मुभा आहे, कारण या थराकडून हवेची अपेक्षा नसते, तर झिजेला तोंड देण्याची असते. तो वाळल्यावर चुन्याच्या निवळीचे दोन हात दिले. बाजारातले प्लास्टिक इमल्शन किंवा तेलरंग या भिंतीला लावू नयेत. त्यांचा पापुद्रा बाष्पाची वाट अडवतो, आत आलेली ओल काडापाशी कोंडली जाते, आणि खोलीतला दमटपणा शोषून नंतर सोडून देण्याचा मातीचा गुणही वाया जातो. श्रावणात हा गुण सहज जाणवतो: त्या खोलीत कपाटातल्या कपड्यांना येणारा कुबट वास बराच कमी झाला.

उन्हाळ्यात रात्री दहा वाजता पश्चिमेच्या भिंतीला तळहात लावला तर ती आता कोमट लागते. पूर्वी त्या वेळी हात ठेववत नसे. छताची उष्णता मात्र तशीच येते, आणि एकमजली घरात छप्पर हेच उन्हाचे मुख्य दार असल्याने गच्चीवर चुन्याचा पांढरा हात दिल्याशिवाय भिंतीवरचे श्रम पुरते फळत नाहीत. हे काम गिलाव्याच्या आधी करायला हवे, असे आता या घरातली माणसे विचारणाऱ्याला सांगतात. खर्चात माती आणि काड जवळजवळ फुकट, मजुरी आणि वेळ भरमसाट. ज्याला महिनाभरात खोली हवी आहे त्याने या वाटेला जाऊ नये. कोपरे खुर्चीच्या धक्क्याने झडतात, म्हणून ते आधीच गोलाई देऊन घेतले, आणि झडलेला माल भिजवून पुन्हा त्याच जागी लावता येतो. दक्षिणेच्या भिंतीला पुढच्या हिवाळ्यात हाच थर दिला, तर उत्तरेच्या भिंतीला ऊन फारसे लागत नसल्याने तिला काडाचा थर देण्याचे कारण उरले नाही, आणि तेथे जुन्या सिमेंटवर चुन्याच्या निवळीचा हात पुरेसा ठरला.